हाताखालचा हात

मीनाबाई कांबळे हेरवाडकरांकडे धुण्याभांड्याला लागली ती पंच्याण्णव सालच्या दिवाळीनंतर. राजारामपुरीत एका गल्लीच्या टोकाला त्यांचं दुमजली घर होतं. मागं पडवी, पडवीला लागून धुण्याचा दगड, आणि कुंपणाशी एक नारळ. नृसिंह हेरवाडकर वकील. त्यांची बायको पद्मजा कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायची, तिला मीनाबाई वैनी म्हणायची. नृसिंहांच्या आई, म्हणजे आक्का, मूळच्या कुरुंदवाडच्या. स्वयंपाकघर आणि देवघर त्यांच्या ताब्यात. आणि चौथी त्यांची मुलगी अंतरा, सहा वर्षांची. काम लावून देणाऱ्या बाईनं आधीच सांगून ठेवलं होतं, "पोरगी जरा येगळी हाय. तिच्या वाटंला जाऊ नगंस."

वेगळी म्हणजे काय, ते मीनाबाईला पहिल्याच आठवड्यात दिसलं. अंतरा चवड्यांवर चालायची. हाक मारली तर मान वळवायची नाही. डब्यांची झाकणं फरशीवर गरगर फिरवायची आणि ती पडेपर्यंत गाल जमिनीला लावून बघत बसायची. बोलायची ते टीव्हीवरच्या साबणाच्या जाहिरातीतलं एक वाक्य, दिवसभर तेच. कुणी जवळ घ्यायला गेलं की किंचाळून घर डोक्यावर घ्यायची. पुण्याच्या डॉक्टरांनी हा ऑटिझम आहे असं सांगितलं होतं. कोल्हापुरात तेव्हा तो शब्द कुणाच्या कानावरून गेला नव्हता. शेजारच्या बायका विचारायच्या, "मतिमंद आहे का हो?" वैनी "नाही" म्हणायच्या आणि दार लावून घ्यायच्या.

एका सकाळी मीनाबाई धुणं धूत होती. अंतरा येऊन दगडाशेजारी उभी राहिली. तिची नजर बादलीतल्या फेसावर होती. मग तिनं मीनाबाईचं मनगट धरलं आणि तो हात बादलीत घातला. मीनाबाईनं आतला टॉवेल काढून पिळला, पाण्याची धार लागली. ती थांबली तशी अंतरानं पुन्हा मनगट धरलं, पुन्हा हात बादलीत. असं बराच वेळ चाललं. मीनाबाईनं वर बघितलं तर वैनी चहाचा कप घेऊन दारात उभ्या होत्या, आणि चहावर साय धरली होती.

"ती कुणाचा हात धरत नाही," वैनी म्हणाल्या.

"माझा कुटं धरलाय, वैनी. पिळायला हात पायजे हुता तिला."

वैनींनी कप दारातच खाली ठेवला. मग म्हणाल्या, "मीनाबाई, तुम्ही दिवसभर राहाल का? फक्त हिच्यासाठी?"

मीनाबाईचं घर सदर बाजारात. नवरा बाळासो शिरोलीच्या एका फाउंड्रीत मोल्डिंगला होता, वाळूचे साचे करायचा. त्यांना एकच मुलगी, सोनम, अंतराहून वर्षानं मोठी. ती म्युनिसिपालिटीच्या शाळेत दुसरीत जायची. संध्याकाळी मीनाबाईनं विषय काढला तेव्हा बाळासो जेवत होता.

"दिवसभर ऱ्हायलीस तर सोनमकडं कोण बघायचं?"

"साळा सुटली की बाळाबाईकडं बसंल की. शेजारीच तर हाय."

सोनम भिंतीला टेकून पाटीवर काहीतरी लिहीत होती. तिला कुणी विचारलं नाही.

त्यानंतर दर शनिवारी वैनी अंतराला आणि मीनाबाईला रिक्षात घालून एका नर्सिंग होममध्ये न्यायला लागल्या. तिथं मिरजेहून श्रुतीमॅडम यायच्या. त्या गोळ्या-इंजेक्शनांच्या डॉक्टर नव्हत्या. हात, बोटं, चालणं, बसणं यांच्या डॉक्टर, एवढं मीनाबाईला कळलं. वयानं लहान, बोलायला फटकळ. पहिल्या दिवशी वैनींनी पिशवीतून चार रेघांची वही आणि नवी पेन्सिल काढली तशी त्यांनी ती परत पिशवीत टाकायला लावली.

"पेन्सिल सगळ्यात शेवटी. हिच्या खांद्यात जोर नाही, त्यामुळे मनगट टेकत नाही. मनगट टेकत नाही म्हणून बोटांची मूठ होते. आधी खांदा, मग मनगट, मग बोटं. वर्ष जाईल, दोन जातील."

"पण शाळा..." वैनी म्हणाल्या. तीन शाळांनी लिहिता येत नाही म्हणून अंतराला परत पाठवलं होतं.

"शाळा थांबेल," श्रुतीमॅडम म्हणाल्या आणि मीनाबाईकडे वळल्या. "घरी हे सगळं तुम्ही करून घेणार ना? मग एक लक्षात ठेवा. तिचा हात वरून दाबून फिरवायचा नाही. तुमचा हात तिच्या हाताखाली ठेवायचा. तिला वाटलं तर ती येईल. नाही आली तर नाही."

मीनाबाईला हे नवीन होतं. तिला स्वतःला गावच्या शाळेत मास्तरांनी वरून हात दाबूनच लिहायला शिकवलं होतं. कागलजवळच्या त्या गावात तिच्या वडिलांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हापासून घरातल्या पोरांना शाळेत घालायचंच, असा नियम केला होता. पण तो नियम मीनाबाईपर्यंत येईतो चौथीतच संपला आणि ती आईबरोबर शेतात भांगलणीला जायला लागली.

आता दिवसाचं एक वळण पडलं. सकाळी अंतराचे पाय धरून तिला हातांवर पडवीभर चालवायचं. मग तिच्याकडून ओली फडकी पिळून घ्यायची आणि ती चिमट्यांनी दोरीवर लावायची. चिमटा दाबायला अंतराची बोटं पुरायची नाहीत, ती दोन्ही हातांनी धरून दातांनी दाबायला बघायची. मीनाबाई आपला हात खाली धरून बसायची. भुईमुगाच्या शेंगा फोडणं, जुने पेपर फाडणं, ताटातले वाटाणे चिमटीनं एकेक उचलून बाटलीत टाकणं. अंतरा कधी करायची, कधी ताट भिरकावून द्यायची. मीनाबाईच्या दंडावर चावल्याचे वण असायचे. ती पदर ओढून घ्यायची आणि वाटाणे गोळा करायची.

श्रुतीमॅडमनी कणीक मळायला सांगितली तेव्हा अडचण आली. मीनाबाईनं स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी उभं राहून पीठ मागितलं. आक्कांनी माळ्यावरून एक जुनी, पोचे आलेली ॲल्युमिनियमची परात काढली आणि पडवीत ठेवली. पीठ वरून ओतलं.

"यात करा हं. आमच्या परातीत नको."

आवाज चढलेला नव्हता. आक्का कधीच चढ्या आवाजात बोलायच्या नाहीत. मीनाबाईच्या चहाचा कपही पडवीतल्या कोनाड्यात वेगळा होता, त्याबद्दलही कधी कुणी काही बोललं नव्हतं. मळून झालेली कणीक गल्लीत गाय यायची तिला जायची. कणकेच्या बाबतीत अंतरा शहाण्यासारखी वागायची. बोटं रुतवायची, गोळे तोडायची, तळव्यावर वळायची. तिच्या अंगठ्याला जोर यायला लागला तो त्या परातीतच.

एके दिवशी तिनं एक गोळा वळला, उठली, आणि तो घेऊन स्वयंपाकघरात गेली. आक्का पोळ्या लाटत होत्या. अंतरानं तो गोळा त्यांच्या पोळपाटावर ठेवला आणि उभी राहिली. आजवर तिनं आपण होऊन कुणाला काही दिलं नव्हतं. आक्का त्या गोळ्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी कागदाचा तुकडा घेतला, गोळा त्यात उचलून बाजूला ठेवला आणि पोळपाट धुवायला घेतला. अंतराला त्यातलं काय कळलं कुणास ठाऊक, ती नळाच्या धारेकडे बघत उभी होती. वैनी टेबलाशी पेपर तपासत होत्या. त्यांनी मान वर केली, बघितलं आणि पुन्हा खाली घातली.

मीनाबाईनं घरी हे सांगितलं तेव्हा बाळासोनं ताट सरकवलं. "सोड ते घर. आपल्या हातची कणीक गाईला चालती, माणसाला न्हाय व्हय?"

"पोरीची बोटं आत्ताशी सुटाय लागल्यात."

"पोरगी त्यांची हाय."

"ते मला ठावं हाय," मीनाबाई म्हणाली. पण दुसऱ्या दिवशी ती वेळेवर कामाला गेली.

पडवीची एक भिंत काळी रंगवून घेतली होती. उभ्या भिंतीवर लिहिलं की मनगट आपोआप सरळ होतं, असं श्रुतीमॅडम म्हणायच्या. खडू मोडून अगदी बारीक करायचे, म्हणजे मुठीत धरताच येत नाहीत, तीन बोटंच लागतात. आधी उभी रेघ, मग आडवी. गोल काही केल्या जमेना. अंतरा सुरुवात करायची, वळण घ्यायची आणि शेवट सुरुवातीला भिडायच्या आत खडू टाकून द्यायची. महिने गेले. एका दुपारी तो गोल मिटला. अंतरानं त्याकडे बघितलं, जाहिरातीचं वाक्य म्हटलं आणि लगेच दुसरा काढला. मीनाबाई उठून दारापर्यंत गेली, पण दाखवायला घरात कुणी नव्हतं. आक्का झोपल्या होत्या.

त्या मे महिन्यात बाळाबाई माहेरी गेली होती, म्हणून मीनाबाई सोनमला चार दिवस बरोबर घेऊन आली. सोनम पडवीच्या कोपऱ्यात बसून राहायची. आई रव्यानं भरलेलं ताट पुढ्यात घेई, त्यावर आपला तळवा उपडा ठेवी, अंतराचा हात त्यावर येईपर्यंत थांबे, मग दोघींचे हात मिळून रव्यात 'ग' काढत. सोनम ते सगळं बघायची. चौथ्या दिवशी घरी जाताना तिनं विचारलं, "आई, मला लिवायला कुणी शिकवलं?"

"साळंत बाईंनी."

"तू न्हाईस."

"मी कामाला असतो की गं."

"व्हय. हिच्याकडं."

 मीनाबाईनं सोनमचा हात धरायला हात पुढं केला, पण सोनम पिशवी दुसऱ्या हातात घेऊन पुढं चालायला लागली. सोनमचं अक्षर चांगलं होतं, वर्गात बाई कौतुकानं तिच्या पाटीकडे बोट दाखवायच्या. मीनाबाईला ते बाळाबाईकडून कळलं होतं. सोनम पुन्हा कधी हेरवाडकरांकडे आली नाही.

ग म भ न झाले, मग त आणि र. अंतराला सगळ्यात आवडली ती अक्षरांच्या डोक्यावरची रेघ. एकदा ओढायला लागली की शब्द संपला तरी ती थांबायची नाही, भिंतीच्या टोकापर्यंत जायची आणि टोकाला आली की कोपरा वळून पलीकडच्या पांढऱ्या भिंतीवर. आक्का कपाळाला हात लावायच्या. मीनाबाई ओल्या फडक्यानं पुसून काढायची. 'अ' ला फार दिवस लागले. अठ्ठ्याण्णवच्या पावसाळ्यात अंतरानं कुणाचाही हात न लागता भिंतीवर आपलं नाव लिहिलं. अनुस्वारासकट.

त्या संध्याकाळी नृसिंह पेढे घेऊन आले. वैनी भिंतीपुढं पायरीवर बसून रडल्या. मीनाबाईला पेढ्यांचा वेगळा पुडा मिळाला, आणि वैनींनी तिचे दोन्ही हात आपल्या हातात धरले. मीनाबाईला तेव्हा खरंच वाटलं की आता पुढचं सोपं आहे. तिच्या मनात एक वेडी आशा होती, ती तिनं फक्त एकदा श्रुतीमॅडमना बोलून दाखवली. "एकदा लिवाय लागली की काय दुखतंय, काय खुपतंय ते तरी सांगंल न्हाय?"

श्रुतीमॅडम या वेळी हळू बोलल्या. "लिहिता येणं वेगळं आणि सांगता येणं वेगळं, मीनाबाई. हात तयार झाला. बाकीचं मला सांगता येत नाही."

आणि ते तसंच झालं. अंतरा लिहायची, पण समोर असेल ते. कॅलेंडरवरचे वार, बिस्किटाच्या पुड्यावरचं नाव, रिक्षावरची अक्षरं. सुंदर, ठसठशीत लिहायची. मनातलं काही लिहायची नाही. मीनाबाई वाट बघायची.

नव्व्याण्णवच्या जूनमध्ये एका शाळेनं तिला तिसरीत बसवून घेतलं. दहा वर्षांची अंतरा आठ वर्षांच्या मुलांमध्ये मागच्या बाकावर, आणि मीनाबाई बाहेर व्हरांड्यात. अंतरा फळ्यावरचं उतरवून घ्यायची, एकेक अक्षर नीट, रेघ शेवटी. तोवर बाकीच्यांचं लिहून झालेलं असायचं आणि बाई फळा पुसायच्या. फळा पुसला की अंतरा किंचाळायची. अर्धा शब्द राहिलेला तिला सहन व्हायचा नाही. ती उजव्या हाताची मागची बाजू दातात धरायची आणि रक्त येईपर्यंत चावायची. मीनाबाई आत धावायची, तिला उचलून बाहेर आणायची. तिनं बाईंना विनवलं, "एवढा एक कोपरा ठेवा की पुसायचा, बाई." बाई चांगल्या होत्या, काही दिवस त्यांनी ठेवलाही. पण वर्गात साठ मुलं होती आणि फळा एकच.

दिवाळीच्या आधी एका मुलानं अंतराची पेन्सिल ओढली. अंतरानं त्याला ढकललं. बाकाचा कोपरा त्याच्या कपाळात गेला, टाके पडले. दुसऱ्या दिवशी पालक आले. मुख्याध्यापक वैनींना म्हणाले, "अक्षर फार छान आहे हो तिचं. पण वर्ग चालवायचा कसा, तुम्हीच सांगा." सुट्टीनंतर अंतरा शाळेत गेली नाही.

पुन्हा पडवी. पण आता अंतरा दिवसच्या दिवस भिंतीकडे जायची नाही. झाकणं फिरवत पडून राहायची. थंडीतल्या एका सकाळी ती आपण होऊन उठली आणि भिंतभर लिहीत सुटली, शाळेच्या फळ्यावरचे शब्द, अर्धवट राहिलेले, अर्धवटच. लिहून दमली आणि खाली बसली. मीनाबाईनं नेहमीप्रमाणं फडकं ओलं करून भिंतीला लावलं. अंतरा उठली, तिनं मीनाबाईचं मनगट बाजूला केलं आणि खडूनं त्या जागी लिहिलं, 'नको'.

मीनाबाई फडकं हातात घेऊन उभी राहिली. हे कुठं बघून लिहिलेलं नव्हतं. तिनं ती भिंत पुसली नाही. संध्याकाळी वैनींना दाखवलं, वैनींनी नृसिंहांना बोलावलं. पुढचे कितीतरी दिवस तिघंही अंतराच्या हातात खडू देऊन बघत राहिले. अंतरानं मनातलं असं पुन्हा काही लिहिलं नाही. भिंतीवरचा तो शब्द पुढच्या वळवाच्या सरींनी पडवीत पाणी आलं तेव्हा गेला.

त्याच उन्हाळ्यात आक्का गेल्या. शेवटचे दोन महिने त्या अंथरुणावर होत्या, तेव्हाही मीनाबाईला आत कुणी बोलावलं नाही, त्यांचं करायला कुरुंदवाडहून त्यांची भाची येऊन राहिली होती. आक्का गेल्यावर वैनींनी कोनाड्यातला कप उचलून स्वयंपाकघरात ठेवला. मीनाबाईनं ते पाहिलं. तिला त्यात फारसं बरं वाटलं नाही, उशीर झाला होता.

बाराव्या वर्षी अंतराला पाळी आली आणि घराचं सगळंच बिघडलं. ती कपडे काढून टाकायची. उंचीनं वैनींएवढी झाली होती, अंगात ताकद आली होती. चावली तर सोडवायला दोन माणसं लागायची. एकदा मागचं दार उघडं राहिलं आणि ती बाहेर पडली. मीनाबाई अनवाणी धावली. राजारामपुरीच्या मोठ्या रस्त्यावर मधोमध अंतरा फक्त परकरावर उभी होती आणि रिक्षावाले हॉर्न वाजवत होते. त्यानंतर नृसिंह फार बोलेनासे झाले. वैनींनी बिनपगारी रजा घेतली, ती संपली. मग पुण्याच्या पलीकडच्या एका निवासी संस्थेचं नाव घरात निघायला लागलं.

एका संध्याकाळी वैनी म्हणाल्या, "परवा सोडून यायचं ठरलंय."

"मी यिऊ का संगं? चार दिवस ऱ्हातो, तिला सवय लागंस्तोवर."

"नको, मीनाबाई. तुम्हाला बघितलं तर ती राहायचीच नाही."

ठरलेल्या दिवशी मीनाबाई रोजच्यापेक्षा लवकर निघाली. डब्यात शेंगा भाजून घेतल्या होत्या, वाटेत अंतराला फोडत बसता येतील म्हणून. घराला कुलूप होतं. समोरच्या दुकानदारानं सांगितलं, "गाडी पाटंच गेली." मीनाबाई वळून मागं पडवीत गेली. दोरीवर आदल्या दिवशी अंतरानं लावलेले चिमटे होते, कपड्यांशिवाय, एकाला एक चिकटून. तिनं ते काढून डब्यात भरले. काढायला नको होते असं तिला नंतर वाटलं.

आठ दिवसांनी वैनींनी निरोप पाठवला. दिवसभराचं काम आता उरलं नव्हतं. पण धुण्याभांड्याला बाई हवी होती. बाळासो म्हणाला, "जाऊ नगंस." त्याला तेव्हा खोकला लागला होता, फाउंड्रीतली बारीक वाळू छातीत बसली होती आणि तो महिन्यातले निम्मे दिवस घरीच असायचा. मीनाबाई गेली. पहिल्यासारखा दगड, पहिल्यासारखी बादली. वैनी कॉलेजातून आल्या की कधी कधी मागच्या दारात येऊन उभ्या राहायच्या. मीनाबाई धुणं पिळत राहायची.

दोन हजार तीनच्या डिसेंबरात वैनी तिला एकदा संस्थेत घेऊन गेल्या. लांबलचक हॉल होता, त्यात बाकांवर मुली आणि बायका बसल्या होत्या, कागदाच्या पिशव्या चिकटवत होत्या. अंतरा खिडकीशी होती. केस बारीक कापलेले, गोळ्यांनी अंग सुजल्यासारखं. तिनं मान वर केली नाही. तिथल्या व्यवस्थापक बाई कौतुकानं म्हणाल्या, "हात फार चांगला आहे हो हिचा. घडी बघा कशी सरळ घालते. इथं एवढी सफाई कुणालाच जमत नाही."

वैनी हसल्यासारखं करून खिडकीबाहेर बघायला लागल्या.

"लिवती का?" मीनाबाईनं विचारलं.

"लिहायला इथं कुणाला वेळ आहे, बाई? सत्तर जणी आहेत."

मीनाबाई अंतराशेजारी बाकावर बसली. स्टँडवर घेतलेली पेन्सिल तिनं पिशवीतून काढून पुढं ठेवली. अंतरानं ती हुंगली, मग तीन बोटांत धरली, अगदी जशी धरायला हवी तशी, अंगठा वाकडा नाही, मनगट टेकलेलं. मीनाबाई पुढं वाकली. अंतरानं पुढ्यातला कागद ओढला, डिंक लावायचा त्या कडेला एक रेघ मारली, कागद बाजूला ठेवला. पुढचा कागद घेतला, तिथंच रेघ मारली. मग पुढचा. घंटा झाली तशी पेन्सिल खाली ठेवून ती बाकीच्या मुलींमागं जेवायला निघून गेली.

परतीच्या एस.टी.त वैनी म्हणाल्या, "ती शांत आहे तिथं. ते महत्त्वाचं."

"व्हय," मीनाबाई म्हणाली.

साताऱ्याच्या पुढं कुठंतरी वैनी हळू आवाजात म्हणाल्या, "तुम्हाला त्या दिवशी सांगायला हवं होतं, गाडी किती वाजता आहे ते." मीनाबाईनं ऐकलं. पण झोप लागल्याचं दाखवलं.

पुढच्या वर्षी बाळासो गेला. सोनम दहावी चांगल्या मार्कांनी पास झाली होती, तिला शिक्षिका व्हायचं होतं. पण बापाच्या आजारपणात ती स्टँडजवळच्या एका झेरॉक्सच्या दुकानात उभी राहायला लागली आणि मग शिकायचं राहूनच गेलं. मीनाबाई एकदा म्हणाली, "मी वैनींना इचारू का, कॉलेजात कुणाची वळख..." सोनम कागदाच्या घड्या घालत होती. "नगं. त्यांचं आपल्यावर लई झालंय," ती म्हणाली आणि तिथंच बोलणं संपलं. अठरा पुरी झाल्यावर तिचं कागलला लग्न झालं. सणाला येते, दुपारची येऊन संध्याकाळची गाडी धरते. तिला मुलगी झाली आहे. नातीला मीनाबाईजवळ एकटीला कधी ठेवत नाही. मागितली तर म्हणते, "तुला सवड कुटं असती, आई."

श्रुतीमॅडमनी कोल्हापुरात स्वतःचं केंद्र काढलं ते दोन हजार सात साली. आता अशी मुलं शहरात बरीच निघाली होती, शब्दही लोकांना माहीत झाला होता, स्वमग्न म्हणायला लागले होते. त्या स्वतः सदर बाजारात येऊन मीनाबाईला बोलवून गेल्या. मीनाबाईनं त्यांना चहा दिला. मग म्हणाली, "येतो. पर एक हाय. एकाच पोराला धरून बसवू नगा मला. चार-सहा म्हैन्यानं बदला."

"का?" असं श्रुतीमॅडमनी विचारलं नाही.

तेव्हापासून ती तिथं जाते. हेरवाडकरांचं धुणं सोडलं. केंद्रातल्या मोठ्या खोलीत सतरंजीवर मुलं असतात, पुढ्यात ताटं, कणीक, मणी, चिमटे. मीनाबाई कुणाच्या तरी हाताखाली हात धरून बसलेली असते. मुलं तिच्याकडे लवकर येतात. एखाद्याचा हात नीट चालायला लागला की ती स्वतःच श्रुतीमॅडमना आठवण करून देते, आणि दुसऱ्या दिवशी ते मूल दुसऱ्या बाईकडे जातं. काही मुलं तिला शोधत खोलीभर फिरतात. ती बघत नाही.

दाराशी आया बसलेल्या असतात. नवीन आलेली एखादी संधी साधून तिच्याजवळ सरकते आणि दबक्या आवाजात विचारते, "बाई, लिहायला येईल का हो त्याला?"

"येईल की," मीनाबाई म्हणते. "येळ लागंल, पर येईल."

एवढं ऐकून त्या बाईचा चेहरा उजळतो. तिला आणखी काही विचारायचं असतं, पुढचं, लिहायला आल्यानंतरचं. पण मीनाबाई तोवर ताटातले सांडलेले मणी वेचायला वाकलेली असते.